शाळेची बाग : लावणें आणि राखणें

गांवोगांवच्या प्राथमिक शाळांत पावसाळ्याच्या आरंभीं झाडें लावण्याचा उत्साह मोठा असतो. खड्डे खणले जातात, रोपें येतात, मुलें टाळ्या वाजवितात. परंतु तीच शाळा पुढल्या मे महिन्यांत कोणीं पाहिली, तर विखुरलेल्या कांट्या, शेळ्यांनीं खाल्लेलीं खोडें व वाळलेले वाफे एवढेंच बहुधा दृष्टीस पडतें. कारण विचारावें, तर 'पाणी नव्हतें' असें उत्तर मिळतें. तें खरें, पण पुरतें खरें नव्हे. त्याच गांवांत एखाद्या आजीबाईच्या मोरीच्या पाण्यावर अळूचें बेट व शेवग्याचें झाड उन्हाळाभर हिरवें राहतें. तिच्या झाडाला धनी आहे. शाळेच्या बागेला नसतो. म्हणून बागेचा धनी कोण, हा प्रश्न आधीं. बीं कोणतें, हा मागून. वाचकहो, या पाठांत आपण त्याचा क्रमानें विचार करूं.

१. शाळेला बाग कशाला?

ही कल्पना नवी नाहीं. चेक धर्मगुरु व शिक्षक कोमेनियस यांचा शिक्षणविषयक मोठा ग्रंथ १६५७ सालीं छापून निघाला. शाळेजवळ बाग असावी व मुलांनीं तेथें झाडें, फुलें व वनस्पती पाहून आनंद करावा, असें त्यांनीं त्यांत सांगितलें. पुढें १८४० सालीं जर्मनींत फ्रोबेल यांनीं आपल्या बालशाळेस 'किंडरगार्टन', म्हणजे 'मुलांची बाग', हें नांव दिलें. त्यांच्या योजनेंत प्रत्येक मुलाचा लहानसा स्वतःचा वाफा असे, आणि सर्वांचे सामाईक वाफे त्याच्या भोंवतीं असत. 'माझें' व 'आमचें' हे दोन्ही शब्द मूल एकाच जागीं शिके.

आपल्या महाराष्ट्रांत ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें खेड्यांतील बालशिक्षणाचें काम आरंभिलें. अनुताई वाघ त्याच वर्षीं त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर आलें. तेथील वारली मुलें गुरें राखीत, शाळेंत येऊं शकत नसत. तेव्हां शाळाच कुरणांत नेण्यांत आली. तिला कुरणशाळा म्हणत. महागड्या साधनांच्या जागीं खडे, शिंपले, पानें व बिया हींच मुलांचीं शिकण्याचीं व खेळण्याचीं साधनें झालीं. यावरून दिसून येईल कीं, बाग ही शाळेचा शृंगार नव्हे. ती छप्पर नसलेला एक वर्गच होय.

आतां तिला आणखी एक प्रयोजन आहे. शाळेंतील माध्यान्ह भोजनाची योजना १९९५ सालीं सुरू झाली, व शिजविलेलें अन्न द्यावें असा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम २००१ सालीं झाला. शाळांनीं परसबागा कराव्या अशा सूचना केंद्र सरकारनें २०१९ सालीं दिल्या. म्हणजे वाफ्यांतील मेथी मुलांच्याच ताटांत जाऊं शकते. हें चांगलें आहे. परंतु बागेंतून किती जुड्या निघाल्या, एवढाच हिशेब होऊं लागला, तर मूल विद्यार्थी न राहतां बिनपगारी गडी होईल. ही सावधगिरी ठेवावी.

२. जागा, माती व कुंपण

जागा पाण्याजवळची निवडावी. जेवणापूर्वीं मुलें हात धुतात, तें पाणी चरानें वाफ्यांकडे न्यावें. साबणाचें पाणी मात्र भाजीस न देतां कर्दळीस अथवा केळीस द्यावें. भाज्यांस दिवसांतून निदान पांच-सहा तास ऊन पाहिजे.

आरंभ लहान करावा. तीन फूट रुंद व सहा फूट लांब असे चार वाफे पहिल्या वर्षीं पुष्कळ झाले. रुंदी तीन फूटच कां? कारण लहान मुलाचा हात दोन्ही बाजूंनीं मध्यापर्यंत पोंचतो, व वाफा तुडविला जात नाहीं. काळ्या जमिनींत पावसाळ्यांत पाणी सांचतें, म्हणून तेथें उंच गादीवाफे करावे. हलक्या मुरमाड जमिनींत सपाट वाफे बरे. पालापाचोळा जाळूं नये; तो एका खड्ड्यांत स्वयंपाकघरांतील सालींसह कुजवावा.

कुंपणास निरगुडी व अडुळसा लावावा. शेळ्या त्यांस तोंड लावीत नाहींत. कण्हेर, धोत्रा व एरंड मात्र शाळेच्या आवारांत नसावींत, कारण तीं विषारी आहेत. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनीं मुलें आनंदानें खेळतात. परंतु त्या बियांतील गर जिवावर बेतणारा आहे, हें आईबापांनींही ध्यानांत ठेवावें.

३. ऋतूचें पत्रक

जून-जुलैंत भेंडी, गवार व चवळी पेरावी; दोडका, कारलें व भोपळा कुंपणावर चढवावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, वांगीं व टोमॅटो घ्यावे. लहान वर्गांस मेथी द्यावी. ती सुमारें एका महिन्यांत कापणीस येते, व मुलाचा धीर तितका टिकतो. फेब्रुवारीनंतर पाणी आटूं लागलें म्हणजे वाफ्यांस विश्रांति द्यावी व वर पाचोळा पसरावा. उन्हाळ्यांत सगळी बाग हिरवी ठेवण्याचा हट्ट हाच पुष्कळ बागांचा नाश करितो. शेवगा, कढीपत्ता, लिंबू अशीं चार-पांच झाडें तेवढीं जगवावीं. प्रत्येकाजवळ एक भाजलेलें मातीचें मडकें तोंडापर्यंत पुरून पाण्यानें भरावें व वर झांकण ठेवावें. पाणी झिरपत झिरपत मुळांस पोंचतें, उन्हानें फारसें उडून जात नाहीं, आणि मडकें रोज भरावें लागत नाहीं.

४. बागेंत शिकावयाचें काय?

एक उदाहरण घ्या. तीन फूट रुंदीच्या वाफ्यांत सहा-सहा इंचांवर ओळी ओढावयाच्या, तर ओळी किती? छत्तीस भागिले सहा, म्हणून 'सहा', असें वर्ग सांगेल. आतां काठी घेऊन ओढून पाहा. दोन्ही कांठांवर ओळी घेतल्या तर सात होतात. कांठ सोडले तर पांच. अंतरें सहाच राहतात. फळ्यावर जें मुलांस पटत नाहीं, तें मातींत पटतें.

दुसरें उदाहरण भोपळ्याचें. त्याच्या वेलावर नर व मादी अशीं दोन प्रकारचीं फुलें येतात. मादी फुलाच्या खालीं इवलासा भोपळा असतो. नर फुलाखालीं नुसता दांडा. मुलांनीं दोन्ही मोजावीं, मधमाशी कोणत्या फुलावरून कोणत्या फुलावर जाते तें पाहावें. एक मादी फूल उमलण्यापूर्वींच पातळ फडक्यांत बांधावें व फळ धरतें कीं नाहीं तें वहींत लिहावें.

५. खेळाचा कोपरा

सगळी जागा लागवडीखालीं आणूं नये. एक कोपरा मोकळा राखावा. तेथें वाळू, ओली माती, चिंचोके व गुळगुळीत खडे असावे. वेळूच्या काठ्या वांकवून त्यांवर दोडक्याचा वेल चढविला, तर लपंडावास हिरवें घर तयार होतें. तेथें मोठ्या माणसांनीं फार सूचना करूं नयेत. जें मूल बागेंत खेळतें, तें बागेचें रोप उपटणाऱ्या दुसऱ्या मुलास आपण होऊन अडवितें. धनीपणाचा उगम येथेंच आहे.

६. काम कोणीं करावयाचें?

पाठाचा सर्वांत अवघड भाग हाच. शेणखताची पाटी नेहमीं एकाच वस्तींतील मुलांच्या डोकीवर, झाडलोट नेहमीं मुलींकडे, आणि फुलें तोडून पाहुण्यांस देण्याचा मान मात्र निराळ्यांस, असें जेथें चालतें, तेथें वनस्पतिशास्त्र शिकविलें जात नाहीं. गांवाचा जुना भेदभाव शिकविला जातो. ज्यांच्या आजोबांस पाणवठ्यावर दूर उभें राहावें लागलें, त्यांस हें सांगावयास नको. म्हणून हजेरीपटाच्या क्रमानें पाळी लावावी. खत, पाणी, खुरपणी व तोडणी हीं चारही कामें प्रत्येकाच्या वांट्यास यावींत. झारी एकच असावी व ती सर्वांच्या हातांतून फिरावी. आणि बागेंतील काम शिक्षा म्हणून कधींही सांगूं नये. शिक्षा म्हणून पाणी घातलेल्या झाडावर कोणाचें प्रेम बसेल?

७. बाग टिकावी कशी?

गुरुजींची बदली झाली कीं बाग सुकते. यास उपाय गांवाच्या हातीं आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद आईबाप अथवा पालक असतात, व निम्मे सभासद स्त्रिया असतात. एप्रिलच्या सभेंत बागेचा विषय घ्यावा. शाळेजवळच्या तीन घरांनीं सुटींतील मडकीं भरण्याची जबाबदारी वांटून घ्यावी, तीं नांवें भिंतीवर लिहावींत, व त्या मोबदल्यांत शेवग्याच्या शेंगा त्यांच्या घरीं जाव्यात. बागेची वही शाळेंतच राहावी : काय पेरलें, केव्हां उगवलें, कोणती कीड आली. नव्या बाईंस अथवा गुरुजींस ती पहिल्या दिवशीं द्यावी.

बियाणें घरचें असावें. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे शाळेंत गेल्या नाहींत. पण देशी बियाणें जपण्याच्या कामाबद्दल त्यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. प्रत्येक वाफ्यांतील एक जोमदार झाड न तोडतां बियांसाठीं राखावें, बीं सावलींत वाळवून राखेंत ठेवावें. संकरित वाणाचें बीं पुढल्या वर्षीं तसेंच उगवत नाहीं; म्हणून देशीच घ्यावें. जूनमध्यें मुलें आपल्याच हातचें बीं पुन्हा पेरतील, तेव्हां बागेचा धनी कोण, हें कोणास विचारावें लागणार नाहीं.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या शाळेंत हात धुतलेलें पाणी कोठें जातें? तें किती वाफ्यांस पुरेल?
२. आवारांत कोणतें विषारी झाड आहे काय?
३. गेल्या महिन्यांत खताची पाटी कोणकोणत्या मुलांनीं उचलली? नांवें लिहून पाहा.
४. मे महिन्यांत मडकीं भरणारीं तीन घरें कोणतीं? त्यांस आजच विचारा.