जोखमीची भाषा : मधुमेह, हृदयविकार आणि डॉक्टरांचा सल्ला

मधुमेह आणि उच्च रक्तदाब हे प्रारंभी मुकाट्याने वाढणारे विकार होत. रक्तातील साखर वाढलेली असूनही माणसाचे दैनंदिन व्यवहार सुरळीत चालू असतात. त्यामुळे "मला काही त्रासच नाही, मग पथ्य कशाला?" असा प्रश्न रुग्णाने विचारणे स्वाभाविक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असून १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरील माणसाला रोगाची नव्हे, तर रोगाच्या शक्यतेची जाणीव करून द्यावयाची असते. हे काम औषध लिहून देण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

शंभरांपैकी किती?

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे १९४८ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासातून उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध स्पष्ट झाला. जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते अशाच घटकांवरून पुढील १० वर्षांत हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याची शक्यता दर्शवितात. मात्र "जोखीम २० टक्के" एवढेच सांगितल्याने रुग्णास फारसा बोध होत नाही. "काका, तुमच्यासारख्या १०० माणसांपैकी सुमारे २० जणांना येत्या १० वर्षांत हा आजार गाठतो, ८० जणांना गाठत नाही," असे सांगितल्यास चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्यात विनाकारण भीती नाही आणि खोटा दिलासाही नाही.

उपायांचा लाभ सांगतानाही हीच दक्षता हवी. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींचा एक अभ्यास चेन्नई येथे झाला व २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात ३ वर्षांत शेकडा ५५ जणांना मधुमेह झाला, तर आहार व व्यायामाचे सातत्याने मार्गदर्शन लाभलेल्या गटात शेकडा ३९ जणांना. हा लाभ "जोखीम २८ टक्क्यांनी घटली" असाही मांडता येतो. परंतु "शंभरांमागे १६ जण वाचले" हे वाक्य अधिक प्रामाणिक व सुबोध आहे. पथ्य पाळूनही काहींना मधुमेह होतो, हेही त्यातून कळते.

बदलता येणारे आणि न येणारे

चेन्नई येथेच तयार झालेल्या भारतीय मधुमेह जोखीम गुणांकनात वय, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि आईवडिलांचा मधुमेह या चार बाबींना मिळून १०० गुण आहेत. ६० वा अधिक गुण म्हणजे अधिक जोखीम. समजा, एका ५२ वर्षांच्या महिलेच्या कमरेचा घेर ८४ सेंटिमीटर आहे, काम बैठे आहे, व्यायाम नाही आणि वडिलांना मधुमेह होता. तिचे गुण अनुक्रमे ३०, १०, ३० आणि १०, म्हणजे एकूण ८० होतात. याचा अर्थ तिला मधुमेह होण्याची शक्यता ८० टक्के आहे असा नव्हे. तिने रक्त त्वरित तपासून घ्यावे, एवढाच आहे. वय व आनुवंशिकता यांचे ४० गुण कोणालाही बदलता येत नाहीत. नियमित व्यायामाने व घेर ८० सेंटिमीटरच्या आत आणल्याने मात्र २० गुण कमी होतात. "ताई, यातले तुमच्या हाती काय आहे ते पाहू," असे डॉक्टरांनी म्हटले, तर दोष देण्याचा सूर राहत नाही.

संवादाची अखेर

शेवटी डॉक्टरांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : "घरी गेल्यावर हे घरच्यांना कसे सांगाल?" उत्तरावरून रुग्णाला काय उमगले ते कळते, आणि उणीव राहिली असल्यास तेथेच भरून काढता येते. स्वयंपाक घरातील दुसरे कोणी करीत असेल, तर त्या व्यक्तीलाही या बोलण्यात सामील करून घेणे इष्ट.

रुग्णानेही संकोच बाळगू नये. आपली जोखीम किती, किती वर्षांतील आणि कोणत्या उपायाने किती घटेल, हे तीन प्रश्न विचारणे हा त्याचा हक्क आहे. आशा सेविका तिशी ओलांडलेल्या व्यक्तींची माहिती घेण्यासाठी घरी येतात, तेव्हा तंबाखूचे व्यसन व घरातील आजार यांबाबत खरी उत्तरे द्यावीत. त्रास सुरू होण्याची वाट न पाहता केलेली तपासणी हीच या मूक विकारांवरील पहिली मात होय.