कोड तुमचा आहे, पण पुरावा कुठे आहे?

वेब डेव्हलपरला उपयोगी साधनांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. संदर्भाला एमडीएन, कोणत्या ब्राउझरात काय चालतं ते बघायला कॅन आय यूज, पान किती जड झालंय ते मोजायला लाइटहाउस. ती वापराच. मला सांगायची आहेत ती साधनं वेगळी, पैसे बुडायची वेळ आली की लागणारी. माझ्यावर ती वेळ गुरुग्राममधल्या एका एजन्सीनं आणली आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

काम होतं पुण्याच्या एका प्रकाशकाच्या ऑनलाइन पुस्तकदुकानाचं. एजन्सीत मराठी वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून मला बोलावलं. प्रकाशकाची जुनी सूची श्रीलिपीत होती. ती युनिकोडमध्ये आणली, 'दुसऱ्या', 'वाऱ्या'तला ऱ्य कुठे तुटत नाही ना, हे एकेका शीर्षकात डोळ्यांनी तपासलं. त्यांचा डिझायनर म्हणायचा, "हिंदी-मराठी एक ही तो है." एक नाही. पानाच्या लँग खुणेत 'एमआर' लिहिलं, तर नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतो. 'एचआय' लिहिलं की तीच अक्षरं हिंदी वळणाची होतात. टिरो टाइपवर्क्सनं तर मराठीसाठी 'टिरो देवनागरी मराठी' हा वेगळा फॉन्टच केलाय आणि तो गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. मराठी वाचकासमोर मराठी अक्षर नीट यावं, एवढ्यासाठी मी त्या कामात जीव ओतला होता.

काम सोपवलं, बिल पाठवलं. मग सुरू झालं, "क्लायंट ने अभी अप्रूव नहीं किया." पुन्हा फोन केला की, "आप तो घर के आदमी हो, हो जाएगा." मी नोएडात राहतो. तिथून मेट्रोच्या ब्लू लाइननं निघायचं, राजीव चौकला यलो लाइन पकडायची, एवढं करून एजन्सीत पोचलं की गार्ड रजिस्टरात नाव लिहून घ्यायचा आणि सांगायचा, साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब काचेपलीकडे चहा पिताना दिसत असायचे. एका सकाळी गिटहबच्या रेपोतून माझं नावच काढलेलं. कारण विचारलं तर उत्तर आलं, "सिक्योरिटी पॉलिसी."

त्या रात्री मी सीआरटी डॉट एसएच उघडलं. हे साधन प्रत्येक डेव्हलपरला ठाऊक हवं. कोणत्याही संकेतस्थळाला एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र मिळालं की त्याची नोंद सार्वजनिक वहीत होते. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेलं प्रमाणपत्र अशा नोंदीशिवाय क्रोम मानत नाही. त्या नोंदी कोणालाही शोधता येतात. प्रकाशकाचं डोमेन टाकलं आणि यादीत एक नवं सबडोमेन दिसलं, मुख्य पानावर ज्याची लिंक कुठेच नव्हती. त्यावर लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र होतं आणि त्याचं एकदा नूतनीकरणही झालेलं होतं. ही प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात आणि महिनाभर उरला की सर्व्हर आपोआप नवं मागवतो. म्हणजे मला 'अप्रूव नहीं किया' ऐकवत होते, तेव्हा दुकान दोन महिने उघडलेलं होतं.

सबडोमेन उघडलं. माझं दुकान. कंट्रोल-यू दाबून सोर्स पाहिला. खरेदीच्या टोपलीला मी 'पिशवी' असं नाव दिलं होतं, ते तसंच होतं. वरच्या टिपणीत माझ्या नावाच्या जागी एजन्सीचं नाव आणि लँग खुणेत 'एचआय'. पुस्तकांच्या सगळ्या नावांतले ल आणि श हिंदी झालेले. पैसे थकवल्याचा राग होताच, पण हे बघून अंगाची लाही लाही झाली. आपण काय बिघडवलंय हे कळण्याइतकं तरी त्यांनी ते काम वाचलं होतं का?

लगेच मेल लिहायचा मोह होतो. थांबा. आधी वेबॅक मशीनच्या 'सेव्ह पेज नाऊ'नं ती पानं जतन करा. मी तेच केलं आणि मग मेल पाठवला. मेल पोचल्यावर 'पिशवी' नाहीशी झाली आणि उत्तर आलं, "ये कोड हमारी टीम ने लिखा है." जतन केलेलं पान आणि माझ्या यंत्रावरच्या कमिटच्या तारखा दाखवल्या, तर म्हणाले, गिटमधल्या तारखा कोणीही बदलू शकतं.

हे मात्र खरं आहे. कमिटची तारीख तुमच्या संगणकाच्या घड्याळावरून पडते. म्हणून माझी सवय सांगतो, ती लावून घ्या. दर आठवड्याच्या प्रगतीच्या मेलमध्ये शेवटच्या कमिटचा हॅश लिहायचा. तो हॅश त्या क्षणापर्यंतच्या सगळ्या फाइलींवरून आणि सगळ्या इतिहासावरून बनतो, मागे एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. मेल पोचल्याची तारीख तुमच्या हातात नसते. माझे असे मेल त्यांच्याच इनबॉक्समध्ये पडून होते. ते पुढे ठेवल्यावर साहेबांचा आवाज खाली आला.

कोडची प्रत स्वतःच्या यंत्रावर ठेवा. प्रायव्हेट रेपोतून नाव काढलं की गिटहबवरचा तुमचा फोर्कही पुसला जातो, आपल्या यंत्रावरचा क्लोन तेवढा उरतो. रोज 'गिट फेच' करा, आठवड्याला 'गिट बंडल'नं सगळा इतिहास एका फाइलीत बांधा. करार लेखी करा, पैसे टप्प्याटप्प्यानं घ्या, ओळखीवर जाऊ नका.

"पैसा देंगे तो सब हमारा" असंही ऐकवतात. तुम्ही नोकर नसाल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोडचा पहिला मालक तुम्हीच असता, आणि कलम १९ प्रमाणे तुमच्या सहीच्या लेखी कागदाशिवाय ती मालकी दुसऱ्याकडे जात नाही. तो कागद पूर्ण पैसे मिळाल्यावरच द्यायचा, हे करारातच लिहा.

एनसीआरमध्ये आणखी एक धाक घालतात. तुम्ही नोएडाचे, आम्ही हरियाणाचे, कुठे कुठे फिराल? २००६ च्या एमएसएमई कायद्याच्या कलम १८ प्रमाणे विक्रेता जिथला, तिथल्या लघुउद्योग सुविधा परिषदेकडे थकलेल्या पैशांची तक्रार करता येते, खरेदीदार देशात कुठेही असो. माझा अर्ज समाधान पोर्टलवरून उत्तर प्रदेशात गेला. कायद्यानं पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. अर्ज दाखल झाल्यावर मूळ रक्कम खात्यात आली. व्याज आलेलं नाही. केस मागे घ्या म्हणून त्यांचे फोन येतात, "भाईसाहब" म्हणून अजून गोड बोलतात. मी मागे घेणार नाही.

या तक्रारीसाठी उद्यम नोंदणी लागते, आणि ती काम घेण्याआधीची हवी. नंतरची असली, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालाकडे बोट दाखवून समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो. नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. फी मागणाऱ्या नकली संकेतस्थळांवर जाऊ नका, सरकारी पोर्टलवरच करा, आणि पुढचं काम घेण्याआधी करा.