गाळलेल्या जागा भरा
(द्वितीय वर्ष, कला)

ज्या घरात गाण्याची आवड आहे, कपाटात सीडींची चळत आहे आणि हाताशी थोडा पैसा आला आहे, अशा घरांत हल्ली 'अपस्केलर' हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. नाव भारदस्त असले तरी वस्तू साधी पेटी दिसते. सीडीवर किंवा संगणकात गाणे आकड्यांच्या रूपाने साठवलेले असते. त्या आकड्यांचा पुन्हा विद्युत्प्रवाह करणाऱ्या यंत्राला डॅक म्हणतात. तिथून पुढे ॲम्प्लिफायर, आणि मग स्पीकर. अपस्केलर बसतो तो आकडे आणि डॅक यांच्या मध्ये. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात. ही पेटी त्यांचे, उदाहरणार्थ, सोळा पट म्हणजे ७,०५,६०० नमुने करून पुढे पाठवते.

विक्रेते हे समजावताना कागदावर एक जिना काढतात. मूळ आवाज म्हणजे गुळगुळीत वळण, सीडीचा आवाज म्हणजे जिना, आणि आमची पेटी पायऱ्यांच्या मधल्या जागा भरून पुन्हा वळण करते, असा एकंदर युक्तिवाद. आपण विद्यार्थी असल्यामुळे 'गाळलेल्या जागा भरा' हा प्रश्न आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. त्यात जागा भरण्याला गुण नसतात, बरोबर शब्द लिहिण्याला असतात. मग या पेटीला बरोबर उत्तर कोण सांगते?

हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. आमच्या वाडीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. नाट्यसंगीताचे वेडे. वाडीतून कॉलेजात जाणारा सध्या मी एकटाच असल्याने रेशनकार्डाच्या अर्जापासून मिक्सरच्या माहितीपत्रकापर्यंत सारे कागद माझ्याकडे येतात. तसेच एक दिवस या पेटीचे रंगीत पत्रक आले. "अरे, तू शिकतोयस, जरा वाचून सांग. ही घेतली तर बालगंधर्व स्वच्छ ऐकू येतील का?" फंडाच्या पैशातला बराच मोठा तुकडा त्यासाठी मोडायचा होता. त्यामुळे 'वाचून सांगतो' म्हणणे सोपे असले तरी सांगण्याची जबाबदारी हलकी नव्हती. विज्ञान शाखेच्या एका सरांना गाठले, ग्रंथालयात बसलो, आणि जे समजले ते येथे मांडतो आहे.

प्रथम त्या जिन्याविषयी. शाळेत आपण शिकलो की एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले की त्यांतून जाणारे वर्तुळ एकच. मग त्या वर्तुळावर आणखी तीनशे बिंदू काढले, तरी वर्तुळाबद्दल नवे काहीच कळत नाही. ते तिन्हीतच सामावलेले होते. अट एकच, की आकृती वर्तुळच आहे हे आधी ठाऊक हवे. आवाजाच्या बाबतीतली अट अशी, की नमुने घेण्याच्या गतीच्या निम्म्याहून वरचे एकही कंपन त्यात नको. ती पाळली तर नमुन्यांवरून मूळ वळण पूर्णपणे, एकमेव रीतीने काढता येते. हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या निबंधांशी या सिद्धान्ताचे नाव जोडलेले आहे. सीडीची गती ४४,१००, तिचे निम्मे २२,०५०. माणसाचा कान तारुण्यात जास्तीत जास्त २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येते. म्हणजे ऐकू येणाऱ्या आवाजापुरत्या दोन नमुन्यांच्या मध्ये गाळलेल्या जागा नसतातच! जिन्याचे ते चित्रच मुळात फसवे आहे.

मग पेटी काहीच करत नाही का? करते, परंतु पत्रकात लिहिलेले असते ते नव्हे. नमुन्यांवरून वळण काढताना मूळ आवाजाबरोबर त्याच्या आरशातल्या प्रतिमाही तयार होतात. २०,००० कंपनांच्या सुराची एक प्रतिमा ४४,१०० वजा २०,०००, म्हणजे २४,१०० वर उमटते. ती काढायला गाळणी लागते. या गाळणीने २०,००० पर्यंतचे सारे जाऊ द्यायचे आणि २४,१०० च्या आत दार बंद करायचे. इतक्या अरुंद जागेत विजेच्या सुट्या भागांनी अशी गाळणी बांधणे अवघड असते. नमुन्यांची संख्या आधीच वाढवली तर बरेचसे गाळण्याचे काम गणिताने होते आणि शेवटची विजेची गाळणी साधी चालते. अपस्केलरचे खरे काम हे एवढेच आहे.

गंमत अशी की ही युक्ती सीडीइतकीच जुनी आहे. १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर विक्रीला आला, त्यात उभ्या चढणीची विजेची गाळणी होती. फिलिप्सकडे तेव्हा १६ बिटांचा नव्हे, १४ बिटांचा डॅक होता. त्यांनी नमुने चौपट, म्हणजे १,७६,४०० करून आधी गणिताने गाळले आणि त्या जोरावर १४ बिटांतून जवळजवळ १६ बिटांचे काम काढून घेतले. तेव्हापासून ही युक्ती डॅकच्या चिपमध्येच जाऊन बसली. आज मोबाइलला लावायच्या नखाएवढ्या डॅकमध्येही नमुने आठ पट करणारी गाळणी सहसा असतेच. वेगळी पेटी तेच काम अधिक लांबलचक गणिताने करते. चॉर्ड या इंग्रजी कंपनीचा २०१८ चा 'एम स्केलर' घ्या. त्याच्या गाळणीत दहा लाखांहून अधिक गुणक आहेत आणि त्याची किंमत बाजारात आला तेव्हाच तीन हजार पौंडांच्या वर होती. गणित म्हणून ते थक्क करणारे आहे, यात शंका नाही. पण डॅकमध्ये आधीच बरी गाळणी असताना कानाला पडणारा फरक फार तर अतिसूक्ष्म असतो.

एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. काही हौशी मंडळी मुद्दाम नमुने न वाढवणारे जुन्या पद्धतीचे डॅक वापरतात. त्यांत खरोखरच जिना बाहेर पडतो आणि २०,००० कंपनांपाशी आवाज सुमारे ३ डेसिबलने खाली येतो. अशा डॅकच्या आधी अपस्केलर लावला तर फरक मोजताही येतो. काकांचा डॅक त्या जातीचा नव्हता.

आता बालगंधर्वांकडे येऊ. काकांच्या सीडीत जे आहे ते ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवरून घेतलेले आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान गायल्या तेव्हा समोर मायक्रोफोन नव्हता, भोंगा होता. गळ्यातल्या हवेच्या जोरानेच सुई मेण कोरीत असे. अशा ध्वनिमुद्रणात अडीच-तीन हजार कंपनांच्या वर फारसे काही उमटतच नसे. १९२५ पासून विजेचे ध्वनिमुद्रण सुरू झाले, ते हळूहळू इकडेही आले आणि ही मर्यादा दुपटीच्या आसपास गेली. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका दोन्ही काळांतल्या आहेत, १९०५ च्या सुमाराच्या आणि १९३० नंतरच्या. त्या पाठोपाठ ऐकल्या की भोंग्याने काय गाळले आणि मायक्रोफोनने काय राखले हे कोणत्याही सिद्धान्तावाचून कळते.

याचा अर्थ असा, की तबकडीवरचा सारा आवाज सीडीच्या २२,०५० च्या मर्यादेत अगदी मोकळाढाकळा मावतो. जे हरवले ते सीडीने हरवलेले नाही. ते भोंग्यात, मेणात आणि पुढे सुईच्या घासण्यात हरवले. अपस्केलर सीडीच्या पलीकडे जातच नाही, मग तो ते आणणार कोठून? जुन्या तबकडीसाठी खरा उपयोग आहे तो खाचेला बेतलेल्या सुईचा, कमी झिजलेल्या प्रतीचा आणि बरोबर गतीचा. '७८' हा आकडा पुष्कळदा नावापुरताच होता. आरंभीच्या तबकड्या कमीजास्त गतीने कोरल्या जात. गतीत सुमारे सहा टक्के चूक झाली की सूर अर्ध्या स्वराने सरकतो, काळी एकचा गायक पांढरी दोनला जाऊन बसतो. ही चूक सोळा पट नमुन्यांनी सोळा पट काटेकोरपणे जतन होते, इतकेच.

'अपस्केलर' याच नावाखाली आणखी एक जात विकली जाते, आणि तिच्याबद्दल माझे मत जरा कडक आहे. सीडीचा आवाज सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट जागा घेतो. आपण मोबाइलवर ऐकतो त्या १२८ किलोबिटच्या एमपीथ्री फाइलमध्ये त्याचा अकरावा हिस्साच उरलेला असतो. येथे मात्र खरोखर गाळलेल्या जागा आहेत. काही यंत्रे खालच्या सुरांवरून वरचे सूर कसे असावेत याचा अंदाज करून ते भरतात. अंदाज करणे वाईट नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, १९१९ ते १९६६ असे ते काम चालले. त्या संपादकांपुढेही हाच प्रश्न होता. जेथे पाठाची खात्री नव्हती तेथे त्यांनी शब्दांखाली नागमोडी रेघ ओढली, म्हणजे वाचकाला कळावे की येथे जपून. आवाजाच्या यंत्रात अशी नागमोडी रेघ नसते. कोणता सूर गायकाचा आणि कोणता यंत्राचा, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला याची चीड यावी.

कोणाला स्वतः पडताळायचे असेल तर ऑडॅसिटी हे संगणकाचे साधन फुकट मिळते. सीडीवरचे एखादे गाणे त्यात घ्यावे, त्याचे ९६,००० नमुने करावेत आणि कंपनांचे चित्र पाहावे. २२,०५० च्या वर काळोख दिसतो. आणि दुकानात तुलना करताना दोन्हीकडचा आवाज समान ठेवायला सांगावे. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच 'अधिक चांगला' वाटतो, हे विकणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

हे सगळे मी काकांना सांगितले तेव्हा ते थोडे हिरमुसले. माझे वडील मंडपवाल्यांकडे साउंडचे काम करतात. त्यांनी सिद्धान्त वगैरे ऐकून घेतला आणि विचारले, "काका, पेट्या ठेवल्यात कुठे?" दोन्ही स्पीकर दहा फुटांच्या खोलीत, भिंतीला चिकटून, एक तर कपाटामागे. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट अंतर असेल तर सुमारे ५६ कंपनांना खोली स्वतःच घुमते, मग ११३ ला, मग १६९ ला. म्हणजे डग्गा आणि पुरुषी आवाजाची खालची पट्टी जेथे असते नेमके तेथेच. वसई-विरार भागातल्या आपल्या बहुतेक घरांत खोल्या अशाच, आणि खिडकीबाहेर लोकल. शे-सव्वाशे डेसिबलची चर्चा करणाऱ्या पत्रकांत खोलीचा उल्लेख क्वचितच सापडतो, कारण खोली विकता येत नाही.

वडिलांनी उजवी पेटी भिंतीपासून दोन फूट पुढे घेतली, स्टुलावर कानाच्या उंचीला आणली आणि मागच्या भिंतीवर जुनी गोधडी टांगली. खर्च शून्य. ऑर्गनच्या गडगडाटाखाली दबलेले शब्द मोकळे झाले, हे काकूंनीही स्वयंपाकघरातून सांगितले. फंडाचे पैसे बँकेतच आहेत. डाव्या पेटीची जागा मात्र अजून ठरायची आहे, कारण तेथे काकूंचे शिलाई मशीन आहे.