मंत्री झालेला इतिहासकार

आधुनिक युरोप शिकवताना नॉर्वेच्या वाट्याला फार तर अर्धा तास यायचा. त्या अर्ध्या तासात मी हाल्वदान कोह्त यांच्यापाशी अडकलो, तो निवृत्तीनंतरही तिथेच आहे. जन्म १८७३चा, ट्रोम्सोचा. १९१०पासून आजच्या ओस्लोत प्राध्यापक, १९३५ला मजूर पक्षाच्या सरकारात परराष्ट्रमंत्री. त्यांच्या आयुष्यातून मला जे कळलं, ते असं.

१. दप्तरात रयत शोधावी लागते. ती आपणहून समोर येत नाही. कोह्त यांचं १९२६चं पुस्तक नॉर्वेतल्या शेतकऱ्यांच्या उठावांवर आहे. १७८६ साली दक्षिणेकडचा ख्रिस्तियान लोफ्थुस हा शेतकरी अंमलदारांची लुबाडणूक आणि शहरी व्यापाऱ्यांचे मक्ते यांविरुद्ध तक्रारी घेऊन थेट कोपनहेगनला, तेव्हाच्या डेन्मार्क-नॉर्वेच्या युवराजाकडे गेला. पुढच्या वर्षी त्याला पकडलं. आकेर्सहुसच्या किल्ल्यात साखळदंडात खितपत तो १७९७ला मेला, आणि जन्मठेपेवर वरिष्ठ न्यायालयाचं शिक्कामोर्तब झालं ते त्यानंतर दोन वर्षांनी! सरकारी कागदात हा माणूस निव्वळ गुन्हेगार. कोह्त मार्क्स वाचलेले, पण पक्के राष्ट्रवादीही. खालचा एकेक वर्ग झगडून वर येतो तसतसं राष्ट्र रुंदावत जातं, असं त्यांचं म्हणणं. हे वाचल्यावर मी मुलांना सनावळ्यांआधी सारा कोण भरत होतं ते विचारू लागलो.

२. दोन खुर्च्यांवर बसू नये. कोह्त नोबेल शांतता समितीवर होते. हिटलरच्या छळछावणीत डांबलेल्या कार्ल फॉन ओसिएट्स्की यांचं नाव पुढे आलं, तेव्हा परराष्ट्रमंत्री म्हणून ते त्या निर्णयातून बाजूला झाले. पारितोषिक दिलं गेलंच. हिटलर भडकायचा तो भडकलाच. पुढे मंत्र्यांनी समितीवर बसू नये असा नियमही झाला.

३. इतिहास पाठ असला म्हणून उद्याचं दिसत नाही. ८ एप्रिल १९४०ला ब्रिटन-फ्रान्सने नॉर्वेच्या सागरी हद्दीत सुरुंग पेरले आणि कोह्त यांचा दिवस त्याचा निषेध करण्यात गेला. त्याच दिवशी एका पोलिश पाणबुडीने दक्षिण किनाऱ्याजवळ ‘रिओ द जानेरो’ हे जर्मन जहाज बुडवलं. वाचलेले गणवेशधारी सैनिक सरळ सांगत होते, आम्ही बर्गनला निघालो होतो. बातमी ओस्लोला पोचली, तरी सैन्य उभं करण्याचा हुकूम निघाला नाही. बिस्मार्कचं चरित्र लिहिलेल्या माणसाला बर्लिनची चाल ओळखता आली नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

४. पण निवाडा देताना घड्याळ समोर ठेवावं. रात्रीच जर्मन आक्रमण सुरू झालं आणि ९ एप्रिलच्या पहाटे चारनंतर जर्मन राजदूत ब्रॉयर मागण्यांचा खलिता घेऊन हजर झाला. विमानहल्ल्याच्या भीतीने शहर काळोखात होतं. परराष्ट्र खात्याच्या ग्रंथालयात मेणबत्त्यांच्या उजेडात दोघांची भेट झाली. कोह्त मंत्रिमंडळाकडे गेले आणि परत येऊन ‘नाही’ म्हणाले. रात्रभर न झोपलेल्या, सासष्टीच्या प्राध्यापकाने महासत्तेला दिलेला नकार आहे तो. त्याच सकाळी रेल्वे स्थानकावर त्यांनी वार्ताहराला सांगून टाकलं की सार्वत्रिक सैन्यभरतीचा हुकूम सुटला आहे. प्रत्यक्षात हुकूम अंशतः भरतीचा होता, आणि बोलावणी टपालाने जायची होती! तरी बातमी ऐकून पोरं छावण्यांकडे निघाली. धांदल आणि धीर एकाच माणसात, काही तासांच्या अंतराने दिसतात, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत यातलं एकच उतरतं.

५. कैफियत वाचावी, पण एकटी नाही. लंडनला गेलेल्या सरकारात त्यांचं पद १९४१मध्ये औपचारिकपणेही गेलं. ते अमेरिकेला गेले आणि लिहीत राहिले. युद्धानंतरच्या चौकशी आयोगाने सरकारच्या गाफीलपणावर ठपका ठेवला. कोह्त यांनी आपली बाजू १९५७च्या पुस्तकात मांडली, आणि १९६५ला ते गेल्यानंतर वीस वर्षांनी त्यांच्या रोजनिश्या छापून आल्या. पुस्तकातला वकील आणि रोजनिशीतला दमलेला मंत्री शेजारी ठेवून वाचावेत.

माझा कौल विचाराल तर मंत्री म्हणून ते कमी पडले, इतिहासकार म्हणून मोठेच होते. तेव्हा कोह्त वाचायचे असतील तर ९ एप्रिलपासून सुरुवात करू नका. आधी लोफ्थुसला भेटा.