संगणकीय आरेखनात स्वतःची रेषाशैली घडवणे

आराखड्यातील प्रत्येक रेषेला अर्थ असतो. अखंड जाड रेषा म्हणजे दिसणारी कड, तुटक रेषा म्हणजे लपलेली कड, लांब रेघ व ठिपका यांची साखळी म्हणजे मध्यरेषा. हे संकेत सर्वमान्य आहेत. परंतु गावाची हद्द, जलवाहिनी, जमिनीखालची वीजतार अशा गोष्टी एकाच नकाशावर येतात, तेव्हा तयार शैली अपुऱ्या पडतात. रंगभेदावर भिस्त ठेवावी, तर काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीत तो नाहीसा होतो आणि खोदणाऱ्याला पाण्याची रेषा कोणती व विजेची कोणती हे कळत नाही. म्हणून स्वतःची रेषाशैली घडवता आली पाहिजे. येथे ऑटोकॅड या प्रणालीच्या आधारे ती रीत पाहू.

१. व्याख्येचे स्वरूप

रेषाशैली 'लिन' प्रकारच्या साध्या मजकूर-फाईलमध्ये असते. ती नोटपॅडमध्ये लिहिता येते. प्रत्येक शैलीला दोन ओळी लागतात:

*हद्द, लांब रेघ व ठिपका
ए,१२,-३,०,-३

(हा पाठ देवनागरीत छापला असला, तरी फाईलमध्ये अक्षरे व अंक रोमन पद्धतीचेच टंकावेत.)

पहिल्या ओळीत तारांकनानंतर नाव व स्वल्पविरामानंतर वर्णन येते. दुसऱ्या ओळीतील 'ए' हे अक्षर रेषेची दोन्ही टोके रेघेने संपतील अशी जुळणी करते. पुढचे आकडे लेखणीच्या हालचाली समजावेत. धन संख्या म्हणजे लेखणी टेकलेली, ऋण संख्या म्हणजे उचललेली, शून्य म्हणजे ठिपका. येथे १२ ची रेघ, ३ ची मोकळी जागा, ठिपका, पुन्हा ३ ची जागा असा १८ एककांचा आकृतिबंध होतो. एका शैलीत असे जास्तीत जास्त १२ आकडे चालतात. शेवटच्या ओळीनंतरही एंटर दाबावे.

२. अक्षरयुक्त शैली

जलवाहिनीसाठी रेषेतच अक्षर बसवता येते:

*जलवाहिनी, रेघ व डब्ल्यू
ए,१५,-३,["डब्ल्यू",स्टँडर्ड,एस=२.५,यू=०,एक्स=-१.२५,वाय=-१.२५],-३

चौकटी कंसात अक्षर, त्याची अक्षरशैली, उंची, कोन व सरकवण्याची अंतरे आहेत. 'एक्स' व 'वाय' यांच्या ऋण किमतींमुळे अक्षर मोकळ्या जागेच्या मध्यावर येते. 'यू' मुळे रेषा उलट दिशेने काढली तरी अक्षर उलटे दिसत नाही. उल्लेखिलेली अक्षरशैली आराखड्यात आधीपासून असावी लागते. अक्षरशैलीची उंची शून्य असेल तर 'एस' हीच प्रत्यक्ष उंची ठरते.

फाईल साठवल्यावर 'लाइनटाइप' आज्ञेतील 'लोड' या पर्यायाने शैली आराखड्यात आणावी. नंतर फाईलमध्ये बदल केल्यास ती पुन्हा लोड करावी लागते. आराखडा आपोआप बदलत नाही.

३. प्रमाणाचा प्रश्न

विद्यार्थ्यांची खरी अडचण येथे होते. शैली बरोबर असूनही रेषा अखंड दिसते. इमारतीचा आराखडा मिलिमीटरमध्ये काढून १:१०० प्रमाणात छापला, तर १८ मिमीचा आकृतिबंध कागदावर ०.१८ मिमी उरतो. डोळ्यांना तो सलग रेषाच वाटतो. येथे 'एलटीस्केल' १०० ठेवावे. भूमापनाचा नकाशा मीटरमध्ये असेल व प्रमाण १:१००० असेल, तर कागदावरचा १ मिमी म्हणजे जमिनीवरचा १ मीटर; म्हणून एलटीस्केल १ पुरते. १:५०० साठी ते ०.५ होईल. हा हिशेब मॉडेलमधून थेट छापण्याचा आहे. लेआउटमधून छापताना 'पीएसएलटीस्केल' व 'एलटीस्केल' दोन्ही १ ठेवल्यास प्रत्येक खिडकीचे प्रमाण आपोआप लागू होते.

दुसरे कारण बहुरेषेत दडलेले असते. ओढ्याकाठची हद्द जवळजवळच्या अनेक बिंदूंनी बनते आणि आकृतिबंध प्रत्येक बिंदूपाशी नव्याने सुरू होतो. दोन बिंदूंमध्ये तो मावला नाही की तेवढा तुकडा सलग दिसतो. 'पीलाइनजेन' १ केल्यास नव्या बहुरेषांवर आकृतिबंध अखंड धावतो. आधी काढलेल्या बहुरेषांसाठी हा बदल गुणधर्मांच्या चौकटीतून करावा.

आराखडा दुसऱ्याला देताना साधी शैली त्यासोबतच जाते. अक्षरयुक्त शैलीचा फाँट मात्र समोरच्या संगणकावर असावा लागतो. नकाशावर रेषांची सूची देणे कधीही टाळू नये. आपण घडवलेला संकेत वाचणाऱ्याला त्या सूचीतूनच कळतो.

अभ्यास

१. ८ ची रेघ व दोन ठिपके, प्रत्येक मोकळी जागा २, अशी शैली लिहा. आकृतिबंधाची एकूण लांबी काढा.
२. मीटरमध्ये काढलेला नकाशा मॉडेलमधून १:२००० प्रमाणात छापायचा आहे. एलटीस्केल किती ठेवाल? कारण द्या.