चाळीस खुणा

लातूरच्या एका आडत दुकानाचं सॉफ्टवेअर करताना माझा एकच हट्ट होता: कोडला हात लावण्याआधी आराखडे तपासायचे. क्लास डायग्राम, सिक्वेन्स डायग्राम, स्टेट डायग्राम, सगळं रीतसर यूएमएलमध्ये. तपासायला चाळीस प्रश्नांची चेकलिस्ट, बरीचशी इकडूनतिकडून उचललेली. दोन तासांत चाळीस खुणा झाल्या. मी खूश.

दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढली आणि एक दिवस काउंटरवर दोघं येऊन उभे राहिले. "पट्ट्या दोन करा. निम्मं माझं, निम्मं ह्यांचं." एक शेतमालक, दुसरा बटईदार. आमच्या क्लास डायग्राममध्ये एका मालाला एकच शेतकरी जोडलेला, त्यामुळं विक्रीच्या हिशेबाची दुसरी पट्टी निघेना. मागं रांग, बाहेर हमाल खोळंबलेले. मुनीमजींनी काही न बोलता कीबोर्ड बाजूला सारला आणि वही उघडली.

रात्री यादी काढून बघितली. अकरावा प्रश्न: 'प्रत्येक नात्यावर संख्या लिहिली आहे का?' लिहिली होती. चुकीची, पण लिहिली होती! बटई मला लहानपणापासून ठाऊक. आमचंच रान बटईनं दिलेलं. खूण करताना मात्र ती आठवली नाही.

आयबीएमच्या मायकेल फेगननं 1976 साली आराखडे आणि कोड तपासायची शिस्त मांडली. त्यात यादी स्वतःच्या मागच्या चुकांवर पोसायची असते. मी ती उसनी आणली होती.

म्हणून सांगतो, यादीवर विसंबण्याआधी यादीचीच परीक्षा घ्या. नांदेडच्या टीममध्ये आम्ही एका जुन्या आराखड्यात मुद्दाम दहा चुका पेरल्या. निम्म्यांच्या हातात यादी, निम्म्यांच्या हातात नुसता आराखडा. पुढच्या आठवड्यात आराखडा दुसरा आणि गट उलटे, नाहीतर हुशार पोरांचं श्रेय यादीला जातं. सापडलेल्या चुका मोजा, लागलेला वेळ मोजा, आणि चूक नसताना उठलेली ओरडही मोजा. तिच्यावर जाणारा वेळ कुणी धरत नाही.

सिक्वेन्समध्ये वापरलेली पण क्लासमध्ये नसलेली मेथड यादीवाल्यांनी चटकन धरली. पण भाव पटला नाही तर शेतकरी माल परत नेतो, ही स्टेट डायग्राममधून गाळलेली वाट त्यांच्यातल्या कुणालाच दिसली नाही. जे काढलंच नाही, त्यावर खूण कुठं करणार? अर्थात मूठभर माणसांवर निकाल लावू नये. तुमच्याकडं तुम्ही करून बघा.

मेरीलँड विद्यापीठातल्या व्हिक्टर बॅसिलींच्या गटानं 1996 मध्ये भूमिका वाटून वाचण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला: कुणी ग्राहक म्हणून वाचायचं, कुणी टेस्टर म्हणून. तो सॉफ्टवेअरच्या गरजा मांडणाऱ्या कागदपत्रांवर होता, आराखड्यांवर नव्हे. तरी आम्ही उचलला. आता एक जण शेतकरी होतो, एक मुनीम, एक खरेदीदार, आणि प्रत्येकानं आपला व्यवहार आराखड्यावर बोट ठेवून चालवून दाखवायचा. हो-नाहीत उरकणारे प्रश्न आम्ही काढून टाकले. चाळीसचे तेरा राहिलेत. त्यातला पहिला मुनीमजींकडून आला: 'ह्या पट्टीवर किती जणांचा हक्क, आणि हे कुणाला विचारलंत?'