मोबाइल कामाला लावू या : सभासदांसाठी उपयोगी वेबसाइटचा धडा



नदी-नाल्यात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. तलावात बीज सोडायची गडबड असली तरी संध्याकाळी थोडी उसंत मिळते. या दिवसांत समितीच्या कार्यालयात बसलो की एक गोष्ट दरवर्षी दिसते. मोबाइल सगळ्यांच्या हातात आहे, नेटही भरलेलं आहे. पण आपण पाहतो ते कोणीतरी पुढे ढकललेलं. व्हिडिओ आला, पाहिला. मेसेज आला, पुढे पाठवला. स्वतःहून जाऊन हवी ती माहिती काढणारे फार थोडे.

हे किती महाग पडतं ते आपण पाहिलं आहे. आमच्या एका सभासदाला मोबाइलवर लिंक आली. "मच्छिमारांना अनुदान, आजच अर्ज भरा." वर सरकारी चिन्ह, खाली मंत्र्यांचा फोटो. भाऊंनी अर्ज भरला, आधार नंबर दिला आणि नोंदणी फी म्हणून अडीच हजार रुपये पाठवले. चार दिवसांनी समितीत आले तेव्हा कळलं की ती साइट खोटी होती. ते अडीच हजार जाळं घ्यायला ठेवलेले होते. पैसे गेले ते गेलेच, वर भाऊ महिनाभर लाजेनं कोणाशी बोलले नाहीत. लाज त्यांनी बाळगायचं कारण नव्हतं. खरी साइट कोणती, खोटी कोणती, हे आम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून हा धडा. सगळ्या साइट आज एकदम उघडू नका. ज्याची गरज आहे ती आधी पाहा.

पहिला धडा : पत्ता वाचायला शिका

साइटचं चित्र पाहून विश्वास ठेवू नका. चिन्ह, झेंडा, फोटो कोणीही चिकटवू शकतो. पाहायचा तो पत्ता, आणि तो शेवटाकडून वाचायचा. पाकिटावर जसं नाव, गाव, तहसील आणि शेवटी जिल्हा असतो, तसंच इथं. शेवटचा भाग सांगतो की साइट कोणाच्या हद्दीत आहे.

भारत सरकारच्या आणि राज्य सरकारांच्या साइट साधारणपणे "डॉट जीओव्ही डॉट इन" किंवा "डॉट एनआयसी डॉट इन" वर संपतात. ही शेपटी खासगी माणसाला मिळत नाही. "डॉट कॉम", "डॉट ऑर्ग" किंवा नुसतं "डॉट इन" मात्र पैसे भरून कोणीही घेऊ शकतो.

आता खोडी कुठं असते ते पाहा. "जीओव्ही"च्या आधी टिंब हवं. तिथं आडवी रेघ असेल, म्हणजे "योजना-जीओव्ही डॉट इन", तर ती साइट सरकारी नाही. तसंच "जीओव्ही डॉट इन" मधेच आलं आणि त्यापुढे "डॉट एक्सवायझेड" किंवा "डॉट कॉम" असं काही आलं, तरी ती खोटी. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे शेवटचं आहे तेच खरं.

आणखी एक. व्हॉट्सअॅपवर आलेली "एपीके" फाइल कधीच दाबू नका. अॅप हवं असेल तर प्ले स्टोअरमधूनच घ्या.

दुसरा धडा : जीव वाचवणारी साइट

पहिली साइट हवामान खात्याची. पत्ता : मौसम डॉट आयएमडी डॉट जीओव्ही डॉट इन. हे खातं १८७५ पासून काम करतं. साइटवर जिल्ह्याप्रमाणे इशारा दिसतो. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे घरीच थांबा. पुढच्या तीन तासांचा अंदाजही असतो, त्याला "नाऊकास्ट" म्हणतात. डोंगा पाण्यात ढकलण्याआधी हा तीन तासांचा अंदाज पाहायची सवय लावा.

याच्या जोडीला "दामिनी" अॅप घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं ते बनवलं आहे. आपण उभे आहोत तिथून २० आणि ४० किलोमीटरच्या घेरात वीज पडते आहे का, ते नकाशावर दिसतं. वीज पडून मरणाऱ्यांच्या आकड्यात आपला मध्य प्रदेश दरवर्षी वरच्या राज्यांत असतो. तलावाच्या मधोमध डोंग्यावर उभा असलेला माणूस म्हणजे आजूबाजूला सगळ्यांत उंच वस्तू. विजेला तेच हवं असतं. गडगडाट ऐकू आला की जाळं तिथंच सोडून काठाला या आणि झाडाखाली थांबू नका. जाळं पुन्हा विणता येतं.

तिसरा धडा : आपल्या धंद्याची नोंद

दुसरी साइट प्रत्येक सभासदाच्या कामाची आहे. राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंच, म्हणजेच एनएफडीपी. पत्ता : एनएफडीपी डॉट डीओएफ डॉट जीओव्ही डॉट इन. ही साइट ११ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली. मासेमार, मत्स्यपालक, मासे विकणाऱ्या बायाबापड्या आणि समित्या, सगळ्यांची नोंद इथं होते. नोंदणीला फी नाही. आधार लागतं आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर लागतो, कारण त्यावर ओटीपी येतो. नंबर जुना असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर गाडी तिथंच अडते.

नोंद कशाला? कर्ज, विमा आणि मदतीच्या केंद्राच्या नव्या योजना आता याच नोंदीवरून पुढे जातात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छिमारांचा सामूहिक अपघात विमा आहे. १८ ते ७० वयाच्या मच्छिमाराचा अपघाती मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्यासाठी २५ हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं. पण यादीत नाव नसेल तर मागून घरच्यांनी किती रडलं तरी कागद बोलत नाही. आपलं नाव यादीत आहे का, ते समितीत येऊन एकदा तपासाच.

बाकी योजनांसाठी : मायस्कीम डॉट जीओव्ही डॉट इन. वय, राज्य, धंदा, जात, उत्पन्न भरलं की आपल्याला लागू पडणाऱ्या योजनांची यादी समोर येते. "कोणती योजना आहे हो भाऊ?" असं दहा जणांना विचारण्यापेक्षा हे बरं. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी : स्कॉलरशिप्स डॉट जीओव्ही डॉट इन. तिथं शेवटच्या तारखेकडे लक्ष ठेवा, ती निघून गेली की वर्ष गेलं.

चौथा धडा : आपला तलाव वरून पाहा

हा धडा आम्हाला स्वतःला महाग पडून समजला. एका तलावाचं क्षेत्र कागदावर ४ हेक्टर. त्या हिशेबानं आम्ही हेक्टरी १० हजार धरून ४० हजार बोटुकल्या सोडल्या. वाढ काही होईना. मासे बोटभर झाले आणि तिथंच थांबले. खाद्याला, पाण्याला, सगळ्याला दोष देऊन झाला. मग समितीतल्या एका पोरानं कॉम्प्युटरवर गूगल अर्थ उघडलं आणि पट्टीच्या खुणेवर दाबून तलावाच्या पाण्याभोवती रेघ काढली. उन्हाळ्याच्या चित्रात पाणी अडीच हेक्टरसुद्धा भरत नव्हतं. बाकी सगळा गाळ आणि बेशरम.

हिशेब सोपा आहे. १ हेक्टर म्हणजे १० हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे अडीच एकर. सर्वसाधारणपणे हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकल्या धरतात. अडीच हेक्टरला जास्तीत जास्त २५ हजार. आम्ही १५ हजार बोटुकल्या जास्त सोडल्या. त्यांचे पैसे तर गेलेच, उरलेल्या माशांच्या तोंडचा घासही गेला.

पत्ता : अर्थ डॉट गूगल डॉट कॉम. चित्र कोणत्या महिन्याचं आहे ते आवर्जून पाहा, पावसाळ्याचं पाणी पाहून फसू नका. तलावाचा खसरा आणि कागदावरचं क्षेत्र पाहायचं असेल तर आपल्या राज्याची साइट आहे : एमपीभूलेख डॉट जीओव्ही डॉट इन. जिल्हा, तहसील, गाव निवडा. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा. पट्ट्याच्या बैठकीला जाताना ती वही सोबत असू द्या.

पाचवा धडा : माशांची पोथी

आता थोडी गंमत. फिशबेस डॉट ऑर्ग ही जगभरच्या माशांची पोथी आहे. ३५ हजारांहून जास्त जाती तिथं आहेत. साइट इंग्रजीत आहे, पण ब्राउझरमध्ये भाषांतराचं बटन दाबलं की काम भागतं. रोहूचं शास्त्रीय नाव "लेबिओ रोहिता". तिथं लिहिलं आहे की रोहूची नोंदलेली कमाल लांबी २ मीटर आणि वजन ४५ किलो. आजोबा सांगायचे की माणसाएवढा रोहू पाहिला, तेव्हा आपण हसायचो. आता हसू नका.

याचा धंद्यालाही उपयोग आहे. बाजारात "मांगूर" म्हणून आफ्रिकी मांगूर खपवतात, ज्याला आपण थाई मांगूर म्हणतो. त्याच्या पालनावर बंदी आहे, कारण तो दुसऱ्या माशांना खाऊन तलाव मोकळा करतो. फिशबेसवर दोघांचीही चित्रं आहेत. देशी मांगूर सुमारे ४७ सेंटीमीटरपर्यंत जातो, आफ्रिकी १७० सेंटीमीटरपर्यंत. बीज घेताना शंका आली तर आधी चित्र लावून पाहा. एकदा तलावात शिरला की तो जाळ्यानं संपत नाही.

सहावा धडा : घरच्या मराठीसाठी

आपली पोरं शाळेत हिंदी शिकतात, घरी मराठी बोलतात आणि मराठी वाचायची वेळ आली की अडखळतात. त्यांना रागावून काय होणार? वाचायला दिलं पाहिजे. महाराष्ट्राच्या बालभारतीची साइट आहे : ईबालभारती डॉट इन. पहिलीपासूनची मराठी पुस्तकं तिथून फुकट उतरवता येतात. बालभारतीचं "किशोर" मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंकही नेटवर वाचायला ठेवले आहेत. रोज रात्री एक पान, मोठ्यांनी सोबत बसून.

मोठ्यांसाठी मराठी विश्वकोश. पत्ता : मराठीविश्वकोश डॉट ऑर्ग. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून ज्याचा पाया घातला, ते २० खंड आता मोबाइलवर उघडतात. सुरुवात "मत्स्योद्योग" या नोंदीपासून करा, मग "तांबे" वाचा. मलाजखंडचा माणूस तांब्याच्या खाणीशेजारी जन्म काढतो, तेव्हा तांबं जमिनीतून निघून तारेत कसं जातं हे आपल्याला ठाऊक असावं.

सातवा धडा : फसलोच तर

पैसे गेले हे कळताच पहिलं काम एकच, १९३० ला फोन. वेळ घालवू नका. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत तक्रार गेली तर ते अडवता येतात. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर लेखी तक्रार करा. आमच्या भाऊंनी चार दिवस वाट पाहिली, तिथंच घोटाळा झाला.

मोबाइल हरवला किंवा चोरीला गेला तर : संचारसाथी डॉट जीओव्ही डॉट इन. तिथून हरवलेला फोन बंद पाडता येतो. आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत, तेही दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच कळवा.

शेवटचं

केरळात १९९७ ते २००१ या काळात किनाऱ्यावर मोबाइल आला. तारली पकडणारे मच्छिमार समुद्रातूनच चार बंदरांचे भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं हे सगळं मोजलं आणि २००७ मध्ये छापलं. आधी एका बंदरात मासळी फेकून द्यायची वेळ यायची आणि शेजारच्या बंदरात ती मिळत नसायची. ते फेकणं जवळपास थांबलं. मच्छिमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. त्या फोनवर ना व्हिडिओ होते ना नेट. नुसता प्रश्न विचारायची सोय होती, आणि त्यांनी प्रश्न विचारला.

आपल्या हातातला फोन त्याच्या शंभरपट ताकदीचा आहे. बालाघाटला एक कागद विचारायला गेलो तर दिवस मोडतो, भाडं जातं आणि साहेब सुटीवर निघतात. ती चक्कर आधी फोनवर मारून पाहा.

या आठवड्याचा अभ्यास दोनच गोष्टींचा : हवामानाच्या साइटवर आपला जिल्हा उघडा आणि १९३० हा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा. येत्या रविवारी सकाळी आधार आणि मोबाइल घेऊन समितीत या. एनएफडीपीची नोंद आपण सोबत बसून करू. ज्या आयाबहिणींकडे साधा फोन आहे त्यांनीही यावं, समितीचा कॉम्प्युटर त्यांच्यासाठीच आहे. येताना घरातलं एक शिकलेलं पोर सोबत आणा. पुढच्या वेळी तेच तुम्हाला शिकवील.